गप्प बसणारी कमांड : न जुळणारे पर्याय आणि पोस्टग्रेसची अर्धवट शिस्त

आम्ही केडगावचे लोक पत्ता सांगताना नुसतं 'केडगाव' म्हणून थांबत नाही. 'नगरचं केडगाव, देवीचं' असं म्हणतो. कारण दुसरं एक केडगाव दौंड तालुक्यात आहे, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं, आणि रेल्वे स्टेशन आहे ते त्या केडगावला. माणसाला पत्ता सांगितला तर तो विचारतो, "कुठलं केडगाव?" पण समजा, एखाद्या ऑनलाइन फॉर्ममध्ये तुम्ही गाव केडगाव, तालुका दौंड आणि जिल्हा अहिल्यानगर असं भरलंत. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. आता फॉर्मसमोर तीन रस्ते आहेत. तो तुम्हाला थांबवेल, किंवा स्वतःच्या मनाने तालुका खरा मानून जिल्हा सोडून देईल, किंवा सगळं जसंच्या तसं साठवून ठेवेल. पहिल्या रस्त्यात तुमचं अर्धं मिनिट जातं. बाकीच्या दोन रस्त्यांत काय जातं, ते कधीतरी सहा महिन्यांनी कळतं.

आजचा लेख याच प्रश्नावर आहे, फक्त फॉर्मऐवजी डेटाबेसच्या कमांडबद्दल. एकमेकांशी न जुळणारे पर्याय वापरणाऱ्याने एकत्र दिले, तर सॉफ्टवेअर काय करतं? आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, दर वेळी तेच करतं का? मी मुख्यतः पोस्टग्रेसक्यूएलबद्दल लिहिणार आहे. एक तर ते मी रोज वापरतो. दुसरं, त्याचा सगळा सोर्स कोड उघडा आहे, म्हणजे माझं म्हणणं चुकीचं असेल तर तुम्ही ते स्वतः खोडून काढू शकता. पेट किंवा सेटची तयारी करणाऱ्यांनी ही सवय आत्तापासून लावून घ्यावी, असं मला वाटतं. कमांड आणि पर्यायांची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय; टाइप करताना ती अर्थातच मूळ रूपात टाइप करा.

आधी माझी फजिती

माझ्या प्रयोगांचा डेटाबेस लहान आहे. एका टेबलमध्ये प्रयोगांच्या सेटिंग आहेत, त्याला प्रायमरी की आहे. दुसऱ्या टेबलमध्ये मोजमापं आहेत. ती मी सीएसव्ही फायलींमधून भरली होती आणि त्या टेबलला प्रायमरी की नव्हती. (ही चूक माझीच. पुढे वाचा.) एक दिवस सेटिंगच्या टेबलमधला एक कॉलम माझ्याच चुकीच्या अपडेटने बिघडला. म्हटलं, काही हरकत नाही, रात्रीचा बॅकअप आहे.

बॅकअप घेताना पीजी_डंपला मी दोन पर्याय दिले होते : कस्टम फॉरमॅट, आणि --क्लीन. --क्लीनचा अर्थ असा की पुन्हा भरताना आधीची टेबलं काढून टाक, मग नवी बनव. कमांड निमूटपणे चालली होती. मी समजलो की पर्याय स्वीकारला गेला. मग पीजी_रिस्टोअर चालवलं, --क्लीन न देता. ते तर बॅकअप घेतानाच सांगितलंय ना!

नव्हतं सांगितलं गेलं. पीजी_डंपच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय की आउटपुट साध्या मजकुरात नसून अर्काइव्ह असेल, तर --क्लीनकडे दुर्लक्ष केलं जातं; तो पर्याय पीजी_रिस्टोअरला द्यायचा असतो. म्हणजे माझी जुनी टेबलं जागच्या जागीच होती. पीजी_रिस्टोअर टेबल बनवायला गेलं, तर 'हे आधीच आहे' अशी एरर आली. पण हा प्रोग्रॅम मुळात पहिल्या एररला थांबत नाही, पुढे जातो आणि शेवटी इतक्या एररकडे दुर्लक्ष केलं असा आकडा देतो. मग त्याने डेटा भरायला घेतला. सेटिंगच्या टेबलला प्रायमरी की असल्यामुळे तिथे की दोनदा येतेय म्हणून भरणं फसलं आणि बिघडलेला कॉलम तसाच राहिला. मोजमापांच्या टेबलला की नव्हतीच. तिथे सगळ्या ओळी पुन्हा एकदा भरल्या गेल्या. जे दुरुस्त करायचं होतं ते बिघडलेलंच राहिलं आणि जे धडधाकट होतं ते दुप्पट झालं.

आता संशोधनाच्या दृष्टीने यातली खरी भीती बघा. प्रत्येक ओळ बरोबर दोनदा आली की सरासरी बदलत नाही. मध्यक बदलत नाही. आलेख तसाच दिसतो. बदलते ती स्टँडर्ड एरर, कारण तिच्या सूत्रात खाली नोंदींच्या संख्येचं वर्गमूळ असतं. २० नोंदींच्या ४० झाल्या की स्टँडर्ड एरर साधारण ७० टक्क्यांवर येते आणि विश्वासांतर तेवढंच अरुंद होतं. कालपर्यंत 'फरक आहे असं ठामपणे म्हणता येत नाही' अशा जागी असलेला निष्कर्ष आज अचानक 'लक्षणीय' होतो. उत्तर तेच, त्यावरचा भरवसा मात्र खोटा. माझ्या वहीत २० लिहिलेलं होतं आणि क्वेरी ४० म्हणत होती, एवढ्याने मी वाचलो. वहीत आकडा लिहिलेला नसता तर तो निष्कर्ष प्रोग्रेस सेमिनारमध्ये गेला असता. आणि आत्मविश्वासाने गेला असता.

यातला माझा वाटा मी आधी मान्य करतो. दस्तऐवज वाचला नव्हता, प्रायमरी की ठेवली नव्हती, 'आधीच आहे' या एररना निरुपद्रवी समजलो. पीजी_रिस्टोअरला --सिंगल-ट्रान्झॅक्शन दिलं असतं तर पहिल्याच एररला सगळं काम मागे फिरलं असतं, कारण त्या पर्यायात 'एरर आली की थांब' हे गृहीतच आहे. हे सगळं खरं. पण समीक्षकाने एवढ्यावर थांबायचं नसतं. वापरणाऱ्याने चूक केली हे उत्तर नेहमीच बरोबर असतं आणि म्हणूनच त्यातून फारसं काही शिकायला मिळत नाही. प्रश्न असा विचारू या : मला असं का वाटलं, की गप्प राहिलेली कमांड म्हणजे स्वीकारलेली कमांड?

कारण तिनेच मला तसं शिकवलं होतं

पीजी_डंप काही बेशिस्त प्रोग्रॅम नाही. उलट, न जुळणाऱ्या पर्यायांबद्दल तो बऱ्याच ठिकाणी कडक आहे. --स्कीमा-ओन्ली म्हणजे फक्त रचना द्या. --डेटा-ओन्ली म्हणजे फक्त माहिती द्या. दोन्ही एकत्र दिले तर तो लगेच थांबतो आणि हे दोन पर्याय एकत्र वापरता येत नाहीत असं स्पष्ट सांगतो. --क्लीन आणि --डेटा-ओन्ली एकत्र दिले तरी थांबतो. फक्त माहितीच घ्यायची असेल तर टेबलं काढून टाकण्याचा प्रश्नच येत नाही. --इफ-एक्झिस्ट्स दिलं आणि --क्लीन दिलंच नाही, तरी थांबतो, कारण पहिल्याला दुसऱ्याशिवाय अर्थ नाही. समांतर बॅकअपसाठी --जॉब्स देऊन फॉरमॅट डिरेक्टरी ठेवला नाही, तर हे फक्त डिरेक्टरी फॉरमॅटमध्येच चालतं असं सांगून थांबतो.

असे चार-पाच अनुभव आले की वापरणाऱ्याच्या डोक्यात एक नियम तयार होतो : 'चुकीची जोडी दिली तर हा बोलतो. बोलला नाही, म्हणजे जोडी बरोबर आहे.' हा नियम कुठेही छापलेला नाही, पण प्रोग्रॅमच्या वागण्यातून तो शिकवला गेलाय. मग तोच --क्लीन अर्काइव्ह फॉरमॅटबरोबर दिला की प्रोग्रॅम गप्प. फॉरमॅटशी न जुळणाऱ्या --जॉब्सला तो अडवतो, फॉरमॅटमुळे निकामी झालेल्या --क्लीनला अडवत नाही. गंमत म्हणजे अर्काइव्ह फॉरमॅटबरोबर --क्लीन आणि --इफ-एक्झिस्ट्स हे दोन्ही दिलेत, तर 'पहिल्याला दुसरा हवा' ही अट रीतसर तपासली जाते, पास होते, आणि त्यानंतर दोन्ही पर्यायांचा उपयोग शून्य.

माझा या लेखातला मुख्य मुद्दा हाच आहे. पडताळणी अजिबात नसणं हे वाईट, पण अर्धवट पडताळणी वेगळ्या तऱ्हेने धोक्याची असते. काहीच न तपासणाऱ्या प्रोग्रॅमशी आपण सावध वागतो. काही वेळा अडवणारा प्रोग्रॅम मात्र आपल्याला निर्धास्त करतो. त्यामुळे पडताळणीचं मोल ठरवताना 'किती जोड्या तपासल्या' एवढं मोजून भागत नाही. 'सारख्या जोड्यांना सारखी वागणूक मिळाली का' हे बघावं लागतं.

दुसरी बाजू

पोस्टग्रेस लिहिणाऱ्यांची बाजूही समजून घेऊ. अर्काइव्हमध्ये टेबल बनवायची आणि काढायची, दोन्ही माहिती असते. टेबलं काढायची की नाही हे भरताना ठरवता यावं, अशीच ती रचना आहे. त्या अर्थाने --क्लीन आणि कस्टम फॉरमॅट हा विरोध नाही, तो 'आत्ता नाही, नंतर विचारू' असा प्रकार आहे. शिवाय हा पर्याय आजपर्यंत मुकाट चालत आला. उद्या त्याला एरर केलं तर ज्यांच्या बॅकअप स्क्रिप्टमध्ये तो उगाचच लिहिलेला आहे, त्यांचे बॅकअप एका रात्रीत बंद पडतील. बॅकअप बंद पडणं हे निकामी पर्यायापेक्षा कितीतरी वाईट.

हा युक्तिवाद वजनदार आहे. पण त्यातून 'गप्प बसा' हे निघत नाही, 'एररऐवजी इशारा द्या' एवढंच निघतं. काम चालू ठेवा, पण एक ओळ छापा की हा पर्याय इथे लागू नाही, भरताना द्या. आणि गरज पडली तेव्हा या प्रकल्पाने जुन्या सवयी मोडल्याही आहेत. २०१९ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून पीजी_रिस्टोअरला डेटाबेस किंवा फाइल यांपैकी एक सांगावंच लागतं. त्याआधी काहीच सांगितलं नाही तर तो सगळी स्क्रिप्ट स्क्रीनवर ओतायचा. तो बदल करतानाही कोणाच्या तरी स्क्रिप्ट मोडल्याच असतील. स्पष्टपणासाठी ती किंमत मोजली गेली. म्हणून 'जुनं मोडता येत नाही' हे उत्तर पूर्ण पटत नाही.

एसक्यूएलच्या आतही तोच घोळ

हे फक्त बाहेरच्या प्रोग्रॅमपुरतं नाही. कॉपी या कमांडमध्ये फॉरमॅट दोनदा दिला, एकदा सीएसव्ही आणि एकदा टेक्स्ट, तर पोस्टग्रेस 'परस्परविरोधी किंवा अनावश्यक पर्याय' अशी एरर देतं. बरोबर आहे. आता एक्सप्लेन घ्या. कंसात अनॅलाइझ आणि पुढे अनॅलाइझ ऑफ असं दोन्ही लिहिलं तर एरर नाही. शेवटी जे लिहिलं ते खरं.

'त्यात काय मोठंसं?' असं वाटेल. पण नुसतं एक्सप्लेन फक्त योजना दाखवतं. अनॅलाइझ लावलं की क्वेरी खरोखर चालवली जाते. समोर डिलीट असेल तर ओळी खरोखर जातात. म्हणजे अनॅलाइझ ऑफ आधी आणि अनॅलाइझ नंतर लिहिलं तर माहिती उडते, उलट लिहिलं तर राहते, आणि दोन्ही वेळा तक्रार शून्य. कॉपीमध्ये फॉरमॅट दोनदा लिहिल्याबद्दल अडवणारं सॉफ्टवेअर इथे मात्र क्रमावर विसंबून राहतं. यातली कुठली चूक महाग आहे, हे तुम्हीच ठरवा.

'शेवटचं खरं' ही पद्धत मुळात वाईट आहे असं मी म्हणत नाही. ती जुनी आणि प्रतिष्ठित पद्धत आहे. एलएसमध्ये -एल आणि -सी असे दोन वेगळे मांडणीचे पर्याय एकत्र दिले तर ती चूक मानू नये, शेवटचा पर्याय लागू करावा, असं पॉझिक्सच्या मानकातच लिहिलंय. त्यामागे सोय आहे : नेहमीचे पर्याय टोपणनावात बांधून ठेवायचे आणि कधी वेगळं हवं असेल तेव्हा शेवटी नवा पर्याय जोडायचा. पण टार घ्या. त्याला 'नवी फाइल बनव' आणि 'जुनी उघड' असं एकत्र सांगितलं की तो थेट नकार देतो. दोन्ही बरोबर आहेत. मांडणी चुकली तर डोळ्यांना त्रास. बनवणं-उघडणं चुकलं तर फाइल जाते. नियम काय निघतो? ज्या जोडीत चुकीची किंमत फक्त दिसण्यापुरती आहे तिथे 'शेवटचं खरं' चालेल. जिथे माहितीला धोका आहे तिथे थांबलंच पाहिजे. एक्सप्लेनमधलं अनॅलाइझ या मापाने नापास होतं.

'मागितलं' आणि 'आपोआप होतं' यातला फरक

इथपर्यंत वाचून 'मग सगळ्या जोड्यांना एरर द्या की, सोपं आहे' असं वाटत असेल, तर मायएसक्यूएलचं उदाहरण बघा. मायएसक्यूएलडंपमध्ये --सिंगल-ट्रान्झॅक्शन आणि --लॉक-टेबल्स हे एकमेकांत बसत नाहीत, कारण टेबलं लॉक करणारी कमांड चालू ट्रान्झॅक्शन आपोआप कमिट करून टाकते. दस्तऐवजात तसं लिहिलेलं आहे. पण --लॉक-टेबल्स हा मुळातच चालू असतो. --ऑप्ट नावाच्या गठ्ठ्यातून तो न मागता येतो. आता या जोडीला एरर दिली तर --सिंगल-ट्रान्झॅक्शन लिहिणारा प्रत्येक माणूस अडकेल, त्याने लॉक मागितलेलं नसतानाही. म्हणून प्रोग्रॅम मुकाट्याने लॉक बंद करतो. इथे गप्प बसणं समजण्यासारखं आहे.

पण याच प्रोग्रॅममध्ये --लॉक-ऑल-टेबल्स हा तिसरा पर्याय आहे. त्याच्या मदतीच्या मजकुरात लिहिलंय की तो --सिंगल-ट्रान्झॅक्शनला आपोआप बंद करतो. प्रत्यक्षात दोन्ही एकत्र दिले की प्रोग्रॅम 'हे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाही' म्हणून थांबतो. वागणूक सुरक्षित आहे, पण मदतीचा मजकूर वेगळंच सांगतो. तुमच्याकडच्या आवृत्तीवर हे जरूर चालवून बघा. दस्तऐवज, कोड आणि प्रत्यक्ष वागणूक या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजायला यापेक्षा स्वस्त प्रयोग नाही.

तात्पर्य असं की चांगल्या पडताळणीला दोन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत : वापरणाऱ्याने स्वतः मागितलेला पर्याय आणि आपोआप लागू झालेला पर्याय. पोस्टग्रेसचं एक्सप्लेन हे टायमिंगच्या बाबतीत नीट करतं. अनॅलाइझ असेल तर टायमिंग आपोआप चालू होतं. तुम्ही स्वतः टायमिंगबद्दल काही लिहिलंय का, याची खूण कोडमध्ये वेगळी ठेवलेली असते. अनॅलाइझशिवाय टायमिंग मागितलं तर एरर येते. अनॅलाइझशिवाय टायमिंग ऑफ लिहिलं तर येत नाही, कारण जे होणारच नाही ते नको म्हणण्यात विरोध कुठला?

व्हॅक्यूममध्येही असाच शहाणपणा दिसतो. व्हॅक्यूम फुल समांतर चालत नाही, म्हणून फुलबरोबर पॅरलल २ दिलं की एरर. पण पॅरलल ० दिलं की चालतं, कारण शून्य म्हणजे 'समांतर नको', आणि फुलचंही तेच म्हणणं आहे. पर्यायाचं नाव आलंय की नाही एवढंच न बघता त्याचा अर्थ बघितला गेला. स्क्रिप्टमधून कमांड तयार करणाऱ्यांना याचं मोल कळेल. तिथे नाव नेहमी लिहिलं जातं, बदलते ती किंमत. मग ज्या प्रकल्पाला एक्सप्लेनमध्ये टायमिंगसाठी एवढा बारकावा जमतो, त्याला त्याच कमांडमध्ये दोनदा आलेलं अनॅलाइझ पकडणं का जमू नये? अवघड आहे म्हणून राहिलं, असं नक्कीच नाही. वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या माणसांनी लिहिलं आणि सगळं एकत्र कोणी बघितलं नाही, म्हणून राहिलं असावं, असा माझा अंदाज.

रोग कुठे आहे

सोर्स उघडून बघितलात तर माझा अंदाज तपासता येईल. पीजी_डंपमध्ये या तपासण्या बहुतेक एकेका जोडीसाठी लिहिलेल्या 'इफ'च्या रांगेत आहेत. पीजी_डंपऑलमध्ये --ग्लोबल्स-ओन्ली, --रोल्स-ओन्ली आणि --टेबलस्पेसेस-ओन्ली हे तीन पर्याय एकमेकांना चालत नाहीत. तिघांच्या जोड्या तीन. चौथा 'फक्त' आला की जोड्या सहा, पाचवा आला की दहा. २०२५ च्या १८ व्या आवृत्तीत पीजी_डंपला --स्टॅटिस्टिक्स-ओन्ली मिळाला, म्हणजे 'फक्त रचना' आणि 'फक्त माहिती' या जुन्या जोडीत तिसरा भिडू आला. दर वेळी नव्या पर्यायाच्या लेखकाने आधीच्या सगळ्यांची आठवण ठेवायची, आणि ती डंप, डंपऑल, रिस्टोअर अशा तीन ठिकाणी ठेवायची. माणूस विसरणारच.

उपाय माहीत नाही अशातला भाग नाही. एसक्यूएलच्या बाजूला 'परस्परविरोधी किंवा अनावश्यक पर्याय' ही एरर पूर्वी ठिकठिकाणी वेगवेगळी लिहिलेली होती. काही ठिकाणी क्वेरीत चूक नेमकी कुठे आहे ते दाखवलं जायचं, काही ठिकाणी नाही. २०२२ च्या १५ व्या आवृत्तीत त्या सगळ्यांसाठी एकच फंक्शन केलं गेलं. आता जिथे ते वापरलंय तिथे एरर सारखी आणि जागेसकट येते. पर्यायांच्या गटांसाठीही हेच करता येईल : 'या गटातला एकच चालेल' असं एका जागी जाहीर करायचं, जोड्या मशीनने काढायच्या, एररचा मजकूरही तिथूनच यायचा, आणि चाचण्याही त्याच यादीतून चालवायच्या. चुकीच्या जोड्यांच्या चाचण्या पीजी_डंपजवळ आजही आहेत. अडचण अशी की ज्या जोडीची तपासणी लिहायची राहिली, तिची चाचणीही राहते. दोन्ही एकाच माणसाच्या आठवणीवर अवलंबून.

यातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा

आता तुमच्या कामाचं. अनेकांच्या सिनॉप्सिसमध्ये 'अमुक सॉफ्टवेअरमधील पडताळणीचा चिकित्सक अभ्यास' असा विषय असतो. आरआरसीसमोर पहिला प्रश्न येतो, "म्हणजे नेमकं काय मोजणार?" आणि गाडी तिथेच अडते. वरच्या मजकुरातून मोजता येणारा प्रश्न असा निघेल : 'एकाच प्रकल्पाच्या तीन कमांडमध्ये सारख्या अर्थाच्या विसंगत जोड्यांना सारखी वागणूक मिळते का?'

पद्धत सोपी आहे, पण घाम काढणारी. एका कमांडचे सगळे पर्याय लिहा. ४० पर्याय असतील तर जोड्या ७८०. प्रत्येक जोडी चालवा आणि चारपैकी एका रकान्यात टाका : थांबवलं, इशारा देऊन चाललं, मुकाट्याने एकाकडे दुर्लक्ष, शेवटचं खरं. उरलेल्या जोड्या अर्थातच एकमेकींना चालणाऱ्या. त्यानंतर दोन गोष्टी जोडा : दस्तऐवज त्या जोडीबद्दल काय म्हणतो, आणि चूक झाली तर माहितीला धोका आहे का. सगळ्यात मोलाचा रकाना कुठला? जिथे धोका आहे आणि कमांड गप्प आहे, तो.

तीन खड्डे आधीच सांगून ठेवतो.

पहिला, आवृत्ती. नियम बदलतात. एक्सप्लेनमध्ये बफर्स या पर्यायाला १२ व्या आवृत्तीपर्यंत अनॅलाइझ लागायचं; १३ पासून लागत नाही. कॉपीमध्ये हेडर १४ पर्यंत फक्त सीएसव्हीला चालायचं, १५ पासून टेक्स्टलाही चालतं. पीएसक्यूएलमध्ये अनेक --कमांड आणि --फाइल एकत्र देणं ९.६ पासून, म्हणजे २०१६ पासून, क्रमाने चालवायची रीतसर सोय झाली. तक्त्यावर आवृत्तीचा आकडा नसेल तर तक्ता निरुपयोगी.

दुसरा, किंमत. पॅरलल ० आणि पॅरलल २ या वेगळ्या नोंदी आहेत. नुसत्या नावांच्या जोड्या लावल्या तर हे सुटतं.

तिसरा, 'हे तर आधीच झालंय'. काही भाग झालाय, आणि तो वाचलाच पाहिजे. पर्यायांमधली 'हा असेल तर तो हवा' आणि 'हा असेल तर तो नको' ही नाती मांडायची पद्धत १९९० मध्ये कार्नेगी मेलनच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये क्यो कांग आणि सहकाऱ्यांनी दिली. फीचर मॉडेल या नावाने ती आजही शिकवली जाते. २०१३ च्या एसओएसपी परिषदेत तियानयिन शू आणि सहकाऱ्यांनी 'चुकीच्या कॉन्फिगरेशनसाठी वापरणाऱ्याला दोष देऊ नका' अशा अर्थाच्या शीर्षकाचा निबंध मांडला. सोर्स कोड वाचून त्यातल्या अटी आपोआप शोधायच्या आणि त्या मोडल्या तर सॉफ्टवेअर कसं वागतं ते बघायचं, अशी त्यांची रीत. तपासलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसक्यूएल दोन्ही होते. पण त्यांचा भर सेटिंगच्या फायलींवर होता. फाइल एकदा लिहिली जाते, चार जण बघतात. कमांड रात्री अकरा वाजता एकट्याने टाइप केली जाते. तिथे बोलणारी फक्त कमांडच असते. जागा आहे ती इथे.

आणि हो, हे करायला महागडी लॅब लागत नाही. साधा लॅपटॉप, पोस्टग्रेसच्या दोन-तीन आवृत्त्या आणि एक छोटी स्क्रिप्ट पुरते. पुण्यात पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या कंपन्या आहेत, एंटरप्राइझडीबीचं कार्यालयही तिथे आहे. नगरहून फार लांब नाही अशा अंतरावर या विषयातली माणसं बसलेली आहेत. पण आधी स्वतःचा तक्ता हातात असू द्या. तक्ता घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याशी लोक वेगळं बोलतात.

सुरुवात करायचीच असेल तर पीजी_रिस्टोअर घ्या. त्यात --क्रिएट आणि --सिंगल-ट्रान्झॅक्शन एकत्र देऊन बघा, मग --सिंगल-ट्रान्झॅक्शन आणि एकाहून जास्त --जॉब्स. दोन्हीकडे तो थांबवेल. का थांबवतो ते दोन ओळींत लिहा. मग तो जिथे थांबत नाही अशी एक जोडी शोधा. आणि हे सगळं रिकाम्या, वेगळ्या डेटाबेसवर करा. प्रत्येक टेबलला प्रायमरी की ठेवा, आणि नोंदी किती आहेत तो आकडा कागदाच्या वहीत लिहून ठेवा.